पहिली दहा मिनिटे कोणाची? आपत्कालीन मदतनिसाचा अभ्यासक्रम निवडताना

आपत्कालीन वैद्यकीय मदतीचे प्रशिक्षण घ्यायचे म्हटले की पहिले प्रश्न ठरलेले असतात: कोर्स किती दिवसांचा, फी किती, आणि प्रमाणपत्र कुठे कुठे चालते? भिवंडीसारख्या गावात हा क्रम उलटा करायला हवा. इथे एका गल्लीत यंत्रमागांचे गाळे, पलीकडे सायझिंग आणि डाईंग, अंजूरफाट्यापासून काल्हेर-कशेळीपर्यंत गोदामांच्या रांगा, आणि या सगळ्याला चिकटून मुंबई-नाशिक महामार्ग. माणूस कापला जातो, भाजतो, विजेच्या धक्क्याने फेकला जातो, गाठींच्या थप्पीखाली सापडतो किंवा कंटेनरच्या चाकाशी येतो. म्हणून आधी विचारायचे ते असे: आपल्या छताखाली अपघात झाला तर कोणता होईल, त्या क्षणी शेजारी कोण असेल, आणि मदत येईपर्यंत त्याच्या हातात किती मिनिटे असतील? याची उत्तरे मिळाली की अभ्यासक्रम निवडणे सोपे होते. माझे म्हणणे एवढेच आहे की भिवंडीला मोठ्या प्रमाणपत्रांच्या मोजक्या माणसांपेक्षा छोट्या पण पक्क्या प्रशिक्षणाची पुष्कळ माणसे अधिक वाचवतील. मोठी प्रमाणपत्रेही लागतात, पण ती या पायावर उभी राहिली तरच उपयोगी पडतात.

मिनिटांचा हिशेब शरीर ठरवते. हृदय बंद पडले की चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते, आणि कोणी छाती दाबायला सुरुवात केली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर काही मिनिटांतच माणूस हातचा जाऊ शकतो. बेशुद्ध माणूस पाठीवर पडून राहिला आणि त्याची जीभ मागे पडली, तर श्वास कोंडायला आणखी काही व्हावे लागत नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या, तर ७०४ मूलभूत सामग्रीच्या. या सेवेने राज्याचे चित्र बदलले, यात वाद नाही. पण रुग्णवाहिका वीस मिनिटांत गाळ्याच्या दारात आली असे धरून चालले, तरी वरच्या तिन्ही प्रसंगांत निकाल त्याआधीच लागलेला असतो. मानकोलीच्या कोंडीत, एकसारख्या दिसणाऱ्या कंपाउंडांच्या जाळ्यात ती वीस मिनिटे पाळली जातीलच असे नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तेव्हाही मोठी पथके पोहोचण्याआधी ढिगाऱ्यात हात घातले ते शेजाऱ्यांनीच. जगात कुठेही इमारत पडली की असेच होते. पहिली दहा मिनिटे सरकारची नसतात आणि इस्पितळाचीही नसतात. जो जवळ असतो त्याची असतात, मग त्याला काही येत असो वा नसो.

शेजारच्या माणसाला शिकवून खरेच जीव वाचतात का, हे तपासून पाहता येते. उत्तर इराक आणि कंबोडियात, भूसुरुंगांनी भरलेल्या खेड्यांमध्ये, १९९७ ते २००१ या काळात एक प्रयोग झाला. तिथे १३५ स्थानिक आरोग्यसेवकांना सविस्तर आणि सुमारे ५,२०० गावकऱ्यांना प्राथमिक शिक्षण दिले गेले. गंभीर जखमींमधले मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. इथे आकड्यांचे गुणोत्तर पाहण्यासारखे आहे. एका जाणत्यामागे जवळपास चाळीस साधे मदतनीस होते. घानामध्ये व्यावसायिक वाहनचालकांना काही तासांचा प्रथमोपचार वर्ग दिला होता. साधारण वर्षभराने त्यांच्यातल्या काहींना गाठून विचारले, तेव्हा दहातल्या सहा जणांनी दरम्यानच्या काळात कोणाला ना कोणाला प्रत्यक्ष मदत केलेली होती. दुसऱ्या टोकाचा पुरावा कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातून आला. तिथे १७ शहरांत, छाती दाबणे आणि लवकर शॉक देणे ही व्यवस्था आधीच चांगली होती. तिच्यावर श्वासनलिकेत नळी घालणे, शिरेतून औषधे देणे अशा प्रगत उपचारांची भर घातली, तरी हृदय बंद पडलेल्यांच्या जगण्यात फरक पडला नाही, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. भूसुरुंग आणि यंत्रमाग एक नव्हेत, आणि कॅनडाचे रस्ते भिवंडीचे नव्हेत, हे खरे. म्हणून आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण तीन खंडांतले पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात. साधी कृती, लवकर, जवळच्या हाताने झाली, तर प्रगत उपचार पुढे कामी येतात. ती झाली नाही तर प्रगत उपचारांना करण्यासारखे फारसे उरत नाही.

आता अभ्यासक्रमांकडे. त्यांच्याकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे पाहावे. पहिली पायरी प्रथमोपचार आणि सीपीआर यांची. आपल्याकडे प्रथमोपचाराचे जुने आणि सर्वत्र ओळखले जाणारे प्रमाणपत्र सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे. ते तीन वर्षे चालते, मग पुन्हा परीक्षा. इंडियन रेड क्रॉस सोसायटीही असे वर्ग घेते. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलने ‘कोल्स’ नावाची पद्धत बसवली आहे. तिच्यात फक्त छाती दाबायची, तोंडाने श्वास द्यायचा नाही, म्हणजे अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच आडवा येत नाही. वर्ग छोटा, लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्या. तिची मर्यादाही वर्गातच विचारून घ्यावी. बुडालेला माणूस, लहान मूल किंवा टाकीतल्या वायूने गुदमरलेला कामगार यांना श्वासाचीही गरज असते. म्हणून खाडीकाठच्या वस्तीने आणि डाईंगवाल्यांनी श्वासासह सीपीआर शिकवणारा वर्ग निवडावा. कारखान्यांच्या बाबतीत हे नुसते पुण्यकर्म नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस असे बंधन घातले होते. पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णकक्षही. अडचण अशी की भिवंडीतल्या कितीतरी गाळ्यांत माणसेच इतकी थोडी असतात की ते ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नाहीत. कायदा दारात थांबतो, पण शाफ्टचा पट्टा व्याख्या विचारून हात ओढत नाही. त्यामुळे इथे कायद्याची सक्ती नसली तरी मालकाने स्वतःच्या हिशेबाने ही पायरी चढावी.

हा वर्ग निवडताना मात्र एक अट घालावी: शिकवणाऱ्याने आधी तुमचा गाळा किंवा गोदाम पाहिले पाहिजे. पुस्तकातला प्रथमोपचार ‘मदतीसाठी हाका मारा’ इथून सुरू होतो. चालू मागांच्या खडखडाटात हाक ऐकूच जात नाही. तिथे पहिली कृती मेन स्विच बंद करणे ही, आणि तो कुठे आहे हे रात्रपाळीच्या नव्या पोरालाही डोळे मिटून सांगता आले पाहिजे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधीही तोच स्विच. समजा कामगाराचे बोट तुटले. धावपळीत लोक हळद दाबतात, चुना लावतात, आणि तुटलेला तुकडा एकतर विसरतात किंवा थेट बर्फात टाकतात. बर्फाने पेशी गोठून मरतात, आणि जोडता आले असते ते बोट वाया जाते. करायचे ते असे: हात वर उचलून धरायचा, जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबायचे आणि मिनिटामिनिटाला उचलून पाहायचे नाही. तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, ते कापड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे, आणि ती पिशवी बर्फ असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. कापडाचे गाव आहे, कापड कमी पडणार नाही. पण कोणते कापड स्वच्छ आणि ते कुठे ठेवलेले असते, हे आधी ठरलेले हवे. सायझिंगमध्ये वाफेने भाजले तर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट नाही, तेल नाही, बर्फही नाही. टाकीत उतरलेला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. टाक्यांमधल्या अनेक दुर्घटनांत वाचवायला गेलेलाच दुसरा बळी ठरलेला असतो. गोदामातल्या रॅकखाली किंवा थप्पीखाली सापडलेल्याला खांद्याला धरून ओढायचे नाही, मानेचा विचार आधी. वर्गाच्या अभ्यासक्रमात यातले काहीच नसेल आणि सापाच्या विषाचे प्रकारच दोन तास चालणार असतील, तर तो वर्ग चांगला असेल, पण तुमच्यासाठी नाही.

दुसरी पायरी प्रतिसादकाची. म्हणजे नोकरी दुसरीच, पण आपत्तीत पुढे होण्याची तयारी आणि जबाबदारी घेतलेला माणूस. अमेरिकेत या पातळीला स्वतंत्र नाव आणि साधारण पन्नास-साठ तासांचा ठरलेला अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे अशी एकच रूढ पायरी नाही, ती वेगवेगळ्या दारांतून चढावी लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये पूरप्रवण जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि पुढे देशभर वाढवली गेली. तिच्यात स्वयंसेवकांना बारा दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळते, त्यात शोध-बचाव आहे आणि प्रथमोपचारही. आपल्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. नागरी संरक्षण दलाचे वर्ग हे दुसरे दार. तिसरे दार टँकर चालवणाऱ्यांचे. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकाला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण बंधनकारक आहे, आणि त्यात गळती, आग आणि प्रथमोपचार येतात. रसायनांची गोदामे असलेल्या पट्ट्यात वाहतूकदाराने हे प्रशिक्षण शिक्क्यापुरते उरकू नये. चौथे, अमेरिकन हार्ट असोसिएशनचा ‘बीएलएस’ (बेसिक लाइफ सपोर्ट) वर्ग. तो मुंबई-ठाणे परिसरातल्या अधिकृत केंद्रांत होतो, आणि त्याचे कार्ड दोन वर्षे चालते. तो मुख्यतः आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी आखलेला आहे. छोट्या दवाखान्यातली परिचारिका, नर्सिंग होममधला वॉर्डबॉय, खाजगी रुग्णवाहिकेचा चालक यांना तो शोभतो. हमालाला त्याची गरज नाही. त्याच पैशांत दहा हमालांना पहिली पायरी शिकवता येईल.

तिसरी पायरी पोटापाण्याची, आणि फसगतीची शक्यता इथेच सर्वांत जास्त. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’ व्हायचे म्हणून फी भरते, तेव्हा तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पहिली: महाराष्ट्रातल्या १०८ सेवेची घडण इतर अनेक राज्यांपेक्षा वेगळी आहे. इतरत्र रुग्णवाहिकेत प्रशिक्षित टेक्निशियन असतो. इथे सुरुवातीपासून डॉक्टर ठेवले गेले, त्यांत आयुर्वेद आणि इतर आयुष शाखांचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून ‘कोर्स करा, १०८ मध्ये नोकरी पक्की’ असे कोणी सांगितले तर विचारावे की कोणत्या पदावर? टेक्निशियनला कामे आहेत: खाजगी रुग्णवाहिका, इस्पितळांचे अपघात विभाग, मोठ्या कंपन्यांचे आणि गोदाम-संकुलांचे आरोग्यकक्ष, राज्याबाहेरच्या सेवा. पण ती शोधावी लागतात. दुसरी: कौशल्य विकासाच्या चौकटीत हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन – बेसिक’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ असे दोन ठरलेले अभ्यासक्रम आहेत. संस्था त्यांच्याशी संलग्न आहे का, हे सरकारच्या ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर स्वतः पाहावे, संस्थेच्या भिंतीवरच्या चौकटींवर विसंबू नये. तिसरी गोष्ट कायद्याची. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी किमान दोन हजार तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली पदविका किंवा पदवी अपेक्षिली आहे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवायचे तर किमान छत्तीसशे तासांची पदवी. तीन महिन्यांच्या ‘डिप्लोमा’ने ही अट पुरी होत नाही, हे साधे अंकगणित आहे. पुढे नोंदणीवर नोकऱ्या अवलंबून राहतील तेव्हा हाच फरक नडेल. ज्यांना या क्षेत्रात आयुष्य काढायचे आहे त्यांनी विद्यापीठाशी संलग्न पदवी-पदविका पाहावी. आयुष पदवीधरांसाठी आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या पदव्युत्तर पदविका आहेत, पुण्याच्या सिम्बायोसिसची त्यांत जुनी. लहान कोर्स करू नये असे नव्हे. तो लहान आहे हे माहीत असताना करावा.

पायरी कोणतीही असो, वर्ग कसा पारखायचा हे एकच. हात किती वेळ कामाला लागणार, एवढे विचारा. छाती दाबणे म्हणजे पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे वाक्य पाठ व्हायला दहा सेकंद लागतात. पण सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटे सलग करताना पहिल्यांदाच कळते की मनगटे दुखतात, वेग वाढतो, खोली कमी होते, आणि दुसरा माणूस बदलीला हवा असतो. चाळीस जणांच्या वर्गात एकच पुतळा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला हे दोन मिनिटांचे ज्ञानही येत नाही. म्हणून पुतळे किती, एका शिक्षकामागे शिकणारे किती, परीक्षा लेखी की प्रत्यक्ष, आणि नापास होण्याची सोय आहे का, असे चार प्रश्न फी भरण्याआधी विचारावेत. ज्या वर्गात कोणी कधी नापास होत नाही त्याचे प्रमाणपत्र हजेरीचा दाखला असतो. पाचवा प्रश्न भाषेचा. भिवंडीतल्या गाळ्यात मराठी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू एकाच वेळी बोलल्या जातात. इंग्रजी स्लाइडांवर मान डोलावणारा वर्ग आणीबाणीत कामाला येत नाही. सहावा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न उजळणीचा. सीपीआरचे कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच उतरणीला लागते, असे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. कार्डावरची दोन वर्षे किंवा तीन वर्षे ही कागदाची मुदत, हातांची नव्हे. म्हणून संस्थेशी बोलतानाच दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासाची उजळणी ठरवून घ्यावी. ती जमणार नसेल तर एक पुतळा विकत घेऊन ठेवावा आणि पाळी बदलताना दोघादोघांनी पाच मिनिटे सराव करावा.

यावर पहिला आक्षेप कायम येतो: मदत करायला गेलो आणि पोलिसांचे झेंगट मागे लागले तर? रस्त्यावरच्या अपघातापुरते याचे उत्तर आता स्पष्ट आहे. सेव्ह लाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना झालेल्या चुकीसाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याचीही सक्ती नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात इस्पितळात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये ‘राहवीर’ योजनेतले बक्षीस २५,००० रुपये केले आहे. गाळ्यातला अपघात मोटार वाहन कायद्यात येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा आधार आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती त्यात गुन्हा ठरत नाही. आणि ‘आधी पोलीस केस, मग उपचार’ ही सबब तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात मोडीत काढली. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. चांगल्या वर्गात ही कलमे दहा मिनिटांत सांगितली जातात. सांगितली नाहीत तर मागावीत, कारण शिकलेला माणूस ऐन वेळी मागे हटतो तो बहुधा याच भीतीने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अर्धवट ज्ञान घातक असते, मग शेकडो अर्धशिक्षित मदतनीस तयार करून काय साधणार? हा धोका खरा आहे, पण त्याचे मूळ वेगळे आहे. घातक ठरते ते मर्यादा न शिकवलेले ज्ञान. कशाला हात लावायचा नाही, कधी थांबायचे, कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे शिकवले नाही की माणूस उत्साहाच्या भरात नुकसान करतो. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय दबलेल्या माणसावरचा स्लॅब एकदम उचलला तर स्नायूंत साठलेली द्रव्ये रक्तात उतरून हृदय बंद पडू शकते. तिथे शेजाऱ्याचे काम त्याच्याशी बोलत राहणे, तोंडावरची धूळ काढणे आणि वैद्यकीय पथकाला बोलावणे. म्हणूनच मी जिना म्हणतो. पहिल्या पायरीवरच्या माणसाला पाच-सहा कृती पक्क्या येतात आणि बाकी सोडून द्यायला येते, आणि वरच्या पायरीवरचा माणूस कुठे मिळेल हे त्याला ठाऊक असते. शिवाय तुलना कोणाशी करायची तेही पाहावे. अपघाताच्या जागी निवड अर्धशिक्षित मदतनीस आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्यात नसते. ती असते तो मदतनीस आणि काहीच न शिकलेला, चुना हातात घेतलेला जमाव यांच्यात.

तिसरा आक्षेप मालकाचा: कामगार आज आहे, उद्या गावी जाईल, शिकवून फायदा कोणाला? यात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर माणसे निवडण्यात आहे. हमाल आणि कारागीर बदलतात, पण कंपाउंडचा वॉचमन, गाळ्याचा मेहता, मुकादम, कोपऱ्यावरचा चहावाला, स्टँडवरचे रिक्षावाले, वस्तीतल्या आशाताई ही माणसे वर्षानुवर्षे तिथेच असतात. पहिल्या तुकडीत त्यांना घ्यावे. आणि हिशेब गाळ्याचा न करता कंपाउंडचा करावा. दहा गाळ्यांनी मिळून वर्ग बोलावला तर खर्च विभागला जातो, आणि एका गाळ्यातला जाणता दुसऱ्याच्या मदतीला दोन मिनिटांत पोहोचतो. प्रत्येक पाळीत, एका आवारात, किमान दोन माणसे असावीत. एकच असला तर तो नेमका त्याच दिवशी सुट्टीवर असतो, आणि छाती दाबायला बदलीही लागतेच. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर एका कंपाउंडला चार माणसे झाली. गावी गेलेला कामगार शिकून गेला असेल तर तेही नुकसान नव्हे. तिथला रस्ताही अपघाताचाच असतो.

या माणसांना आणखी एक गोष्ट शिकवायची, जी फार थोड्या वर्गांत शिकवतात: पत्ता सांगणे. १०८ ला फोन लावून ‘भिवंडी, गोदामाजवळ’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे. गाव, कंपाउंडचे नाव, इमारत किंवा गाळ्याचा क्रमांक, जवळचा नाका, कोणत्या बाजूने गाडी आत येईल, जखमी किती आणि काय झाले, हे सात तपशील एका दमात सांगता आले पाहिजेत, आणि एक माणूस नाक्यावर गाडीला वाट दाखवायला उभा राहिला पाहिजे. कोणता जखमी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात न्यायचा आणि कोणाला पुढे ठाणे-कळवा किंवा मुंबईच्या शीव रुग्णालयाकडे हलवावे लागेल, हे डॉक्टर ठरवतील. पण रात्री दोन वाजता कोणता रस्ता मोकळा असतो हे रिक्षावाल्यालाच ठाऊक असते. प्रशिक्षण म्हणजे या दोन प्रकारच्या ज्ञानांची गाठ घालणे.

एवढे वाचून काय करायचे, ते थोडक्यात असे. या आठवड्यात आपल्या छताखाली गेल्या दोन-तीन वर्षांत झालेले आणि थोडक्यात चुकलेले अपघात एका कागदावर लिहावेत. त्यांतल्या पहिल्या पाचांसाठी लागणाऱ्या कृती ज्या वर्गात हाताने करून घेतल्या जातात तो वर्ग निवडावा, आणि शेजारच्या गाळ्यांना बरोबर घ्यावे. वर्ग संपला की मेन स्विचच्या शेजारी एक पाटी लावावी: दिवसपाळीची दोन नावे, रात्रपाळीची दोन नावे, त्यांचे फोन, आणि प्रत्येक नावापुढे शेवटच्या उजळणीची तारीख. प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात राहिली तरी चालतील. पाटीवरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी दिसली की प्रशिक्षण संपले असे समजावे, मग प्रमाणपत्राची मुदत कितीही उरलेली असो.